अर्ध्या तासात दोन मैल

डेट्रॉइट, ११ फेब्रुवारी १९०६

टेक्ला,

आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. मी नोकरी सोडली. घाबरू नकोस, पुढे वाच. आता माझा स्वतःचा कारखाना आहे! कारखाना म्हणजे पूर्वीचा घोड्यांचा तबेला, वास अजून जात नाही. पण भट्टी माझी, लेथ माझं, आणि हाताखाली तीन माणसं. इथे मोटारगाडी बनवायचं वेड लागलेला एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो. मी गाडी बनवत नाही. मी बनवतो गाडी सुरू करायचा दांडा.

मोटार सुरू करायची म्हणजे तिच्यापुढे उभं राहून लोखंडी दांडा गरागरा फिरवायचा. कधी कधी इंजिन उलटा झटका देतं, दांडा मागे फिरतो आणि माणसाचं मनगट मोडतं. हात गळ्यात बांधलेले लोक इथे रस्त्यात रोज दिसतात. तुझं मनगट आठवतं का? आपल्या विहिरीचा रहाट उलटा फिरला होता, तू आठ-पंधरा दिवस भाकरी थापू शकली नव्हतीस, आणि मी चिडून रहाटाला खटका बसवला होता. तोच खटका, टेक्ला! झटका आला की दांडा सुटा होतो आणि हात शाबूत राहतो. पेटंटचा अर्ज केलाय. मंजुरी येईपर्यंत कोणाजवळ चकार शब्द काढू नकोस. इथले लोक एका हाताने टोपी उचलून नमस्कार करतात आणि दुसऱ्या हाताने तुमचा आराखडा लांबवतात. दिवा अडकवायच्या कडीची माझी कल्पना इथे एकाने अशीच लांबवली, ठाऊक आहे ना तुला.

राहायला मिसेस डनफी नावाच्या आयरिश विधवेकडे खोली घेतली आहे, तिचा पत्ता पाकिटावर आहे. तिथून कारखाना दोन मैल. रोज चालत जातो, चालत येतो. तेवढीच काटकसर, आणि डोकं साफ होतं. डबा तीच बांधून देते. बटाटे भरपूर, हेरिंग मासळीचं नाव नाही. गेल्या रविवारी माझा दांडा लावलेली गाडी आम्ही एका दमात अठरा मैल पळवली आणि जेवायच्या वेळेला परत!

सोबत दोन तिकिटं आहेत, तुझं आणि सिग्नेचं. मी निघालो तेव्हा पोर तीन वर्षांची होती. आता मला ओळखेल का, याचीच धास्ती वाटते. जमीनदाराच्या कारभाऱ्याला घर सोडतोय म्हणून सांग. एकदा सांगितलंस की घर दुसऱ्या कुळाला जाणार आणि परत मिळणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून नीट विचार कर. पण ये.

तुझा आल्गोत

—

ब्योर्कहुल्ट, ७ मार्च १९०६

आल्गोत,

पत्र मिळालं, तिकिटं मिळाली. कारखान्याबद्दल अभिनंदन. सिग्ने बरी आहे, पुढचे दोन दात पडलेत. गाय गाभण आहे. बर्फ अजून कुंपणाइतकं आहे.

थोडं विचारायचं होतं. ती मिसेस डनफी, ती किती वर्षांची? म्हणजे विधवा होऊन किती वर्षं झाली, आणि एकूण वय किती? दोन्ही कळव. कारखान्यात चालत जायला तुला वेळ किती लागतो? घरून निघतोस कधी, पोचतोस कधी? आणि ती गाडी अठरा मैल गेली ती कुठून कुठे? गावांची नावं लिही.

सायकलींचा एजंट विक्टोरिन परवा कॉफीला टेकला होता. आल्गोत अमेरिकेत करतो तरी काय, असं विचारत होता. त्याला चाकाबिकांतलं कळतं. मी काही बोलले नाही.

कारभाऱ्याला अजून सांगितलेलं नाही. घाई कशाला?

टेक्ला

—

ब्योर्कहुल्ट, ७ मार्च १९०६

हिल्माताई,

हे पत्र वाचून चुलीत घाल. आल्गोतने तिकिटं पाठवलीत आणि त्यांच्यासोबत अशा थापा पाठवल्यात की मला हसावं की रडावं कळेना.

म्हणे राहत्या घरापासून कारखाना दोन मैल आणि हा रोज चालत जाऊन येतो! अगं, आपल्या दारापासून एक्शोचा बाजार दोन मैल. पहाटे अंधारात बैलगाडी जुंपावी तेव्हा दुपारी पोचतो, आणि परत येईपर्यंत बैलही मरायला टेकतात. हा माणूस ते अंतर रोज दोनदा पायी तोडतो, आणि मधल्या वेळात कारखाना चालवतो! झोपतो कधी? की चालता चालता झोपतो? आणि ती मोटार म्हणे अठरा मैल गेली नि जेवायला परत आली. अठरा मैलांत आपण पार समुद्रकाठच्या गोटेबोर्गच्या वेशीवर जाऊ. आगगाडीलाही दिवस पुरत नाही.

माझा अंदाज ऐक. कारखाना वगैरे काही नाही. असलाच तर त्या विधवेच्या परसात आहे. ती त्याचा डबा बांधते, ताई. तीन वर्षांत मी त्याला एकदा डबा बांधून दिलेला नाही आणि ती रोज बांधते. मी पत्रात गोड बोलून चार प्रश्न विचारलेत. बघू काय उत्तर देतो. खोटं बोलणाऱ्याला तपशील विचारला की तो गडबडतो.

तुझ्यावर जे गुदरलं ते मी विसरलेले नाही. तूसुद्धा तुझ्या नवऱ्याच्या शिकागोच्या गोष्टी अशाच विश्वासाने वाचायचीस.

टेक्ला

—

डेट्रॉइट, १ एप्रिल १९०६

टेक्ला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा वाटलं की हे प्रश्न तुझे नाहीत. निघतो कधी, पोचतो कधी, गाडी कुठून कुठे गेली, गावांची नावं लिही! लग्न होऊन नऊ वर्षं झाली, तू मला इतकं कधी विचारलं नाहीस. पोलिसांत लागलीस का?

असले प्रश्न कोण विचारतं ते मला इथे राहून चांगलं कळलंय. मागच्या महिन्यात एक जण टोप्या विकायला म्हणून कारखान्यात शिरला आणि सगळा वेळ माझ्या दांड्याकडे बघत बसला. टोपी एकही काढली नाही. आणि आता विक्टोरिन. नेमकी त्याच महिन्यात त्याला माझ्या धंद्याची चौकशी का सुचावी? सायकलचा एजंट दहा गावं फिरतो, त्याच्या मालकाचे मालक कोण, ते कोणाला पत्रं लिहितात, देव जाणे. आणि तो कॉफीला 'टेकतो'. किती वेळा टेकतो?

त्याला सांग, कारखान्याचा पत्ता यापुढे मी कोणत्याही पत्रात लिहिणार नाही. गाडी कुठून कुठे गेली तेही नाही.

तुला हवीच असतील तर दोन उत्तरं देतो. मिसेस डनफीचं वय मी विचारलेलं नाही. बाईमाणसाला वय विचारलेलं इथे चालत नाही. आणि दोन मैलांना वेळ कसला लागतो? अर्ध्या तासात पोचतो. शीळ घालत.

कारभाऱ्याला सांगायला घाई कशाला, असं तू लिहिलंस. का गं? तिथे थांबण्यासारखं असं काय आहे?

आल्गोत

—

ब्योर्कहुल्ट, २६ एप्रिल १९०६

आल्गोत युंग,

अर्ध्या तासात. शीळ घालत.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी सूत कातत होते. चाक थांबवलं आणि इतकी हसले की सिग्ने धावत आली. मग ती विचारायला लागली, आई, तू हसतेस की रडतेस?

मला काय दुधखुळी समजतोस? हा तोच रस्ता ना, ज्यावरून तू मला लग्नानंतर एक्शोला नेलंस? आपल्या दारापासून एक्शोचा बाजार दोन मैल. ओढ्याच्या पुलापाशी आपण भाकरी खाल्ली, गिरणीपाशी बैल अडून बसले, आणि बाजारात शिरलो तेव्हा चर्चची दुपारची घंटा झाली होती. तुझे पाय सुजले होते. मी त्यांना लोणी चोळलं. तोच माणूस आता दोन मैल अर्ध्या तासात जातो, तेही शीळ घालत! अमेरिकेत तुला पंख फुटले का? विक्टोरिनला विचारलं, हो, मुद्दाम विचारलं, की नव्या सायकलवर बसून उतारावरून कोणी अर्ध्या तासात दोन मैल जाईल का. तो म्हणाला, वहिनी, तोफेत घालून उडवलं तर.

आणि वर माझ्यावरच आळ घेतोस! विक्टोरिन म्हणजे पन्नाशीचा माणूस, सहा पोरांचा बाप, तपकिरीने नाक काळं झालेलं. त्याच्यावरून तू मला विचारतोस, किती वेळा टेकतो? मी तुझ्या विधवेचं वय विचारलं तर ते चालत नाही. तिने बांधलेला डबा खायला मात्र चालतो.

कारखान्याचा पत्ता देणार नाहीस. कसा देशील? जे नाहीच त्याचा पत्ता कुठून आणशील?

मला एका गोष्टीचं फार वाईट वाटतं. तू मला निदान नीट फसवायचं होतंस. तीन वर्षं मी शेजाऱ्यापाजाऱ्यांत ताठ मानेने सांगत आले की माझा नवरा कधी खोटं बोलत नाही.

मी येत नाही. तिकिटांचं काय करायचं ते कळव.

टेक्ला

—

यनशोपिंग, २ मे १९०६

टेक्ला,

तू त्याला जे लिहिलंस त्याची तू पाठवलेली नक्कल वाचली. छान लिहिलंस. पण मूर्खपणा केलास.

तिकिटं परत करणार म्हणतेस? अगं, मी माझ्या नवऱ्याला, कार्ल-योहानला, दोन वर्षं पत्रं लिहिली. रागाची लिहिली, रडून लिहिली, पाद्रीबुवांकडून लिहवून घेतली. त्याचं उत्तर यायचं थांबलं तेव्हा मला काय कळलं? काहीच नाही. आजही मला ठाऊक नाही की त्याने दुसरी केली, की तो कुठल्या खाणीत गाडला गेला. लोक सांगतात ते मी ऐकते. रात्री मी दोन्ही गोष्टी आलटून पालटून खऱ्या मानते. असं जगायचंय तुला?

माझ्याकडे तिकीट नव्हतं. तुझ्याकडे आहे, त्याच्याच पैशांचं. जा आणि बघ. त्या विधवेचा पत्ता तर जुन्या पाकिटावर आहे ना? आणि त्याला आधी कळवू नकोस. चोराला पत्र पाठवून कोणी धाड घालतं का?

घराचं मला कळतं. तू गेलीस की कारभारी ते दुसऱ्याला देणार, आणि ती खरोखर थापच निघाली तर परत येऊन तुला पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा माझ्याकडे ये. खोली एवढीशीच आहे, पण आपण तिघी मावू. निदान तुला माहीत तरी असेल.

गाय विकून टाक. सिग्नेला लोकरीचे दोन मोजे जास्त घाल, समुद्रावर गारठा असतो.

हिल्मा

—

डेट्रॉइट, १५ मे १९०६

टेक्ला, माझी टेक्ला,

तुझं पत्र दुपारी आलं. एक्शोच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मी लेथ चालू ठेवूनच मटकन खाली बसलो. तीन माणसं काम टाकून धावत आली. मी इतका हसत होतो की त्यांना वाटलं मला झटका आला. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्यांची खात्रीच पटली.

एक्शो! देवा रे. मी गाढव आहे, टेक्ला. इथला मैल वेगळा आहे. आपला मैल दांडगा, इथला बारका. आपल्या एका मैलात इथले साडेसहा मैल बसतात. तीन वर्षं मी दिवसभर इथल्या माणसांशी इथल्या भाषेत बोलतोय, इथल्या मापाने लोखंड कापतोय, आणि पत्र लिहायला बसलो की 'मैल' असाच शब्द लिहितो. तो तुझ्या कानाला कसा लागेल हा विचार कधी डोक्यात आला नाही. मी चालतो ते अंतर म्हणजे आपल्या घरापासून चर्च आहे ना, त्याच्या अलीकडची ती मोठी शिळा, तिथपर्यंतचं. बस. सिग्नेसुद्धा चालेल.

म्हणजे मी खोटं बोललो नाही. तू वाचलंस तेही चुकीचं नाही. आणि मधल्या मधे मी तुझ्यावर काय काय संशय घेतला! विक्टोरिनला माझा नमस्कार सांग, आणि माफी माग. नको, माफी मीच मागतो, तू फक्त नमस्कार सांग. मला दिवसरात्र चोर दिसतात, टेक्ला. आराखडा गादीखाली घेऊन झोपतो. त्या नादात माझ्या घरातल्या माणसाला मी चोर ठरवलं, याची मला लाज वाटते.

मिसेस डनफीला आज वय विचारलं. तिने लाटणं उगारलं, मग सांगितलं. एकाहत्तर.

एक गोष्ट मात्र मी खरंच लपवली होती, ती आता सांगून टाकतो. कारखान्याच्या पाटीवर युंग नाही. इथे कोणाला ते नीट म्हणता येत नाही, आणि बड्या कारखानदारांना तोंडात न बसणारं नाव आवडत नाही. म्हणून मी 'यंग' असं केलंय. तुला आवडणार नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

पेटंट मंजूर झालं. बातमी आली त्या दिवशी सांगायला कोणी नव्हतं, मी तबेल्यात एकटाच उभा राहिलो. तिकिटं फाडू नकोस. राग असेल तर इथे येऊन काढ. दोन मैल म्हणजे किती ते तुला हाताला धरून चालत दाखवीन. फक्त ये.

आल्गोत

(पाकीट दोन महिन्यांनी तसंच परत आलं. मागे कारभाऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं: "घर सोडलं. बाई मुलीला घेऊन गेली. कुठे ते सांगितलं नाही.")

—

डेट्रॉइट, ५ जून १९०६

आल्गोत,

ही चिठ्ठी तुझा तो फिनलंडचा कामगार आणेल, ज्याला आपली भाषा येते. तू कारखान्यात विसरलेली स्प्रिंग घेऊन तो तुझ्याच मागे निघालाय. दचकू नकोस. मी तुझ्या कारखान्यात बसले आहे, घोड्याच्या दावणीवर. वास खरंच जात नाही.

मी तुला पकडायला आले होते. हे आधीच सांगून ठेवते, नंतर मला प्रेमाने आले वगैरे म्हणायला लावू नकोस. घर गेलं, गाय गेली, बोटीत सिग्नेने उलट्या करून मला नखशिखांत भिजवलं, ते सगळं सांगत नाही. आगगाडीतून बाहेर बघितलं तर रुळाच्या कडेला मैलाचे खांब, एक गेला की लगेच दुसरा. मला वाटलं, इथे प्रत्येक शेतकऱ्याने हौसेने आपापला खांब पुरलाय.

सकाळी तुझ्या विधवेच्या दारात उभी राहिले. मनात तिला सांगायची सगळी भाषणं तयार होती. दार उघडलं तर म्हातारी! तोंडात एक दात नाही. मी तुझं नाव घेतल्यावर तिने मला जवळ ओढून दोन्ही गालांचे मुके घेतले आणि सिग्नेला उकडलेला बटाटा दिला. मला इतकी चीड आली, आल्गोत. तीन महिने जिचा मी द्वेष केला तिने असं असावं!

मग तिने कारखान्याचा रस्ता दाखवला आणि दोन बोटं वर केली. दोन मैल. तेवढं मला कळलं. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. एक्शोएवढा रस्ता, बरोबर पोर, पाठीला गाठोडं, आणि परक्या देशात बैलगाडी कोणाकडे मागणार? म्हातारी बिचारी बघतच राहिली. मग मी डोळे पुसले, बूट करकचून बांधले, सिग्नेला सांगितलं की आता संध्याकाळपर्यंत चालायचंय, रडायचं नाही, पाय दुखले तरी सांगायचं नाही. उरलेली राईची भाकरी आणि चीज दिवसभर पुरेल असं वाटून ठेवलं. ओढा लागला की पहिला तुकडा, असं ठरवलं. ओढा काही लागला नाही.

घरं मोजत चाललो होतो. सिग्ने म्हणाली, आई, भूक लागली. मी म्हटलं, एवढ्यात नाही, आत्ता तर निघालो. आणि समोर हा तबेला. त्या फिनलंडच्या माणसाने मला आपल्या भाषेत विचारलं, बाई, कोण हवंय? मी म्हटलं, दोन मैलांवरचा एक कारखाना शोधतेय. तो म्हणाला, आलात की. मी त्याच्यावर ओरडले. मग त्याने मला इथला मैल समजावून सांगितला. भाकरीचं फडकं सोडलेलंसुद्धा नव्हतं, आल्गोत. भाकरी जशीच्या तशी.

तेव्हा तू खरं बोलत होतास. अर्धा तास. सिग्नेने तर शीळही घातली, दात नाहीत म्हणून नुसती हवा निघाली.

मी विचार करत बसलेय. इथला मैल मला तिथे कळला असता, तर मी शांत झाले असते आणि उन्हाळा, हिवाळा, परत उन्हाळा करत तिथेच राहिले असते. घर सोडायची हिंमत मला तुझ्या प्रेमाच्या चार ओळींनी आली नसती. ती तुझ्या थापेने आली, आणि थाप ती थापच नव्हती.

भिंतीला टांगलेला तो दांडा बघितला. खटका ओळखला. अंगठ्याने दाबूनही बघितला, तसाच टक् वाजतो. माझं मनगट आता थंडीत दुखतं, तुला माहीत नसेल. त्याच्यापायी सुचलेला खटका सगळ्या जगाला मिळणार याचा मला आनंद आहे.

पण दारावर पाटी दुसऱ्याच कोणाची. यंग कोण, म्हणून विचारलं. तो म्हणाला, तेच साहेब. त्या शब्दाचा अर्थ काय, तर म्हणे तरुण. चाळिशीला आलेला, टकलावर चार केस आडवे फिरवणारा माणूस, आणि दारावर पाटी लावतो 'तरुण'! याचा जाब द्यावा लागेल. विक्टोरिनवरून लिहिलेल्या पत्राचा तर सगळ्यात आधी. ते बरोबर आणलंय.

सिग्ने दारात बसलीये. प्रत्येक मोटारीला विचारते, हे बाबा का? आतापर्यंत तिला तीन बाबा नकोसे झालेत, एकाला मिशा होत्या म्हणून.

तुझा माणूस सांगतो की तू दांडा दाखवायला बारा मैलांवर गेलायस. मी घाबरले नाही. भट्टीवर कॉफी ठेवली आहे. बारा मैल म्हणजे काय अंतर आहे? ती गार व्हायच्या आत ये.

टेक्ला